काचेतून आधी बाहेर कोण पडतं?



दहावीच्या विज्ञानात 'प्रकाशाचे अपवर्तन' हा धडा आहे. त्याच्या शेवटाकडे अपस्करण येतं. लोलक, त्यात शिरणारा पांढरा किरण आणि पलीकडे तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचा पट्टा. खरं सांगायचं तर हा भाग मी वर्षानुवर्षं एका तासात उरकत आलो. फळ्यावर आकृती काढायची, 'तानापिहिनिपाजा' दोनदा म्हणून घ्यायचं आणि इंद्रधनुष्याचं उत्तर लिहून द्यायचं: अपवर्तन, अपस्करण, आंतरिक परावर्तन. हे तीन शब्द आले की गुण मिळतात.

काही वर्षांपूर्वी गडबच्या वर्गात हाच तास चालू होता. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "सर, सगळे रंग आत एकदमच गेले ना? मग बाहेर पहिला कोण येतो?"

मी म्हटलं, "एकदमच येतात गं. एवढा फरक कोण मोजणार? पुढचं लिहून घे."

तिनं लिहून घेतलं. माझं उत्तर चुकीचं होतं. वाईट याचं वाटतं की त्याच तासाला, पाच मिनिटं आधी, मीच सांगितलं होतं की काचेत प्रत्येक रंगाचा वेग वेगळा असतो. वेग वेगळा असेल तर पोहोचण्याची वेळ एक कशी असेल? पोरीनं सरळ गणित केलं होतं, सर मात्र आकृतीत अडकले होते.

आज हा विषय काढतोय तो माफी मागायला नाही. माझं म्हणणं असं आहे की अपस्करण आपण निम्मंच शिकवतो. कोणता रंग *कुठे* जातो ते शिकवतो, कोणता रंग *केव्हा* पोहोचतो ते सोडून देतो. आणि गेल्या साठ वर्षांत प्रकाशाच्या विज्ञानात जे मोठं काम झालं, त्यातला मोठा भाग या 'केव्हा'भोवती झालाय. जगातले सगळ्यांत आखूड प्रकाश-स्पंद तयार करणारे लेसर हे त्याचं सर्वांत चांगलं उदाहरण आहे. म्हणून आज तेच घेऊ. बारावीच्या मुलांनी वही-पेन घेऊन वाचावं, दहावीच्या मुलांना आकडेमोड सोडून बाकीचं नक्की समजेल.

आधी आपल्या रस्त्यावरचं बघू. गणपतीच्या दिवसांत वडखळ नाक्यावर गाड्या तुंबतात. मोटारसायकली, एसटी, टेम्पो, लोखंड भरलेले ट्रेलर, सगळे खेटून उभे. नाका मोकळा झाला की सगळे एकदम सुटतात. तो घोळका म्हणजे आपला स्पंद. गडबपर्यंत येईतो मोटारसायकली पुढे निघालेल्या असतात, कासूला घोळका लांबट झालेला असतो, आणि नागोठण्याला उभं राहून पाहिलं तर आधी दुचाकी, मग कार, मग एसटी, शेवटी ट्रेलर. एकही गाडी कमी झालेली नाही, कुणी रस्ता बदललेला नाही, फक्त घोळका लांबला. साध्या काचेत प्रकाशाचं हेच होतं. तांबडा रंग मोटारसायकल, जांभळा ट्रेलर.

लोलकात प्रत्येक रंगाची वाटही वेगळी असते, म्हणून हिशेब किचकट होतो. त्यापेक्षा धड्यातली सरळ काचेची चीप घ्या. १ सेंटीमीटर जाडीच्या साध्या भिंगाच्या काचेतून गेल्यावर तांबडा रंग जांभळ्याच्या आधी बाहेर येतो, आणि दोघांमधला फरक साधारण १.८ पिकोसेकंद, म्हणजे १८०० फेम्टोसेकंद असतो. 'एवढा फरक कोण मोजणार' याचं उत्तर असं की मोजणारे मोजतात, आणि त्यांच्या हिशेबात १८०० फेम्टोसेकंद म्हणजे फार मोठा काळ आहे.

फेम्टोसेकंद म्हणजे किती? १ सेकंदाला एकावर पंधरा शून्यं एवढ्या संख्येनं भागा. अशा तुकड्याचं सेकंदाशी जे नातं, तेच एका सेकंदाचं सुमारे ३ कोटी १७ लाख वर्षांशी. एका सेकंदात ३ लाख किलोमीटर जाणारा प्रकाश १० फेम्टोसेकंदांत फक्त ३ मायक्रोमीटर सरकतो. आपल्या डोक्यावरचा केस याहून कितीतरी जाड असतो.

असा आखूड स्पंद मिळतो कसा? दिवा पटकन चालू-बंद करून नाही. जगातलं कुठलंही बटण इतकं चपळ नाही. इथे मोड-लॉकिंगची युक्ती कामाला येते.

लेसरमध्ये समोरासमोर दोन आरसे असतात आणि प्रकाश त्यांच्यात येरझाऱ्या घालतो. तंबोऱ्याची तार जशी ठरावीक वारंवारितांनाच कंप पावते, तसं दोन आरशांच्या मधे ठरावीक वारंवारितांचाच प्रकाश टिकतो. त्या प्रत्येकाला 'मोड' म्हणतात. आरशांमधलं अंतर दीड मीटर धरलं, तर शेजारच्या दोन मोडमधला फरक १० कोटी हर्ट्झ येतो. असे लाखो मोड एकाच वेळी चालू असतात. प्रत्येक आपल्या तालात वाजत असेल तर नुसता गोंगाट. पण सगळ्यांचे माथे एका क्षणी जुळवले, तर त्या क्षणी प्रचंड प्रकाश आणि बाकी वेळ जवळजवळ अंधार. हाच स्पंद.

वर्गात हे टाळ्यांनी करून दाखवता येतं. चार गट करा. पहिल्यानं मिनिटाला १० टाळ्या, दुसऱ्यानं ११, तिसऱ्यानं १२, चौथ्यानं १३. सगळे एकदम सुरू झाले तर बरोबर प्रत्येक मिनिटाला चौघांची टाळी एकत्र पडते. मधे सगळी विखुरलेली टपटप. (आमच्याकडे दुसऱ्याच मिनिटाला हसाहस झाली आणि शेजारच्या वर्गातून निरोप आला. मोबाइलवरचं मेट्रोनोम वापरा.) इथे महत्त्वाची गोष्ट ही की गटागटांतला फरक सारखा हवा. तिसऱ्या गटाच्या टाळ्या १२ ऐवजी १२.१ झाल्या तर पहिल्या मिनिटाला थोडं चुकेल, पाचव्या मिनिटाला बरंच चुकेल. अपस्करण नेमकं हेच करतं. काचेत प्रत्येक रंगाचा वेग वेगळा असल्यामुळे मोडमधलं अंतर सारखं राहत नाही, आणि माथे जुळेनासे होतात.

पहिल्यांदा लेसरचे मोड असे जुळवले गेले ते १९६४ मध्ये, अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये, हीलियम-निऑन लेसरवर. त्याच वर्षी त्याच संस्थेत सी. कुमार पटेल यांनी कार्बन डायऑक्साइड लेसर शोधला. हे पटेल जन्मले आपल्या बारामतीत आणि शिकले पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. त्यांच्या लेसरचा इथे थेट संबंध नाही, पण 'लेसर म्हणजे परदेशातल्या लोकांचं काम' असं मुलांना वाटू नये म्हणून सांगून ठेवलं.

आता एक आकडेमोड. माझ्या मते या विषयातली सगळ्यांत डोळे उघडणारी हीच आहे.

दोन स्पंद घ्या. एक १०० फेम्टोसेकंदांचा, दुसरा १० चा. दोन्ही ८०० नॅनोमीटरच्या आसपासचे, म्हणजे डोळ्याला दिसणाऱ्या तांबड्याच्या जरा पलीकडचे. दोघांना त्याच १ सेंटीमीटर काचेतून पाठवा. त्या काचेच्या अपस्करणाचा आकडा इथे सुमारे ४५० फेम्टोसेकंद-वर्ग असतो. लांबी किती पट वाढते ते काढायचं सूत्र असं: अपस्करणाच्या आकड्याला २.७७ ने गुणा, स्पंदाच्या लांबीच्या वर्गानं भागा, आलेल्या संख्येचा वर्ग करा, त्यात १ मिळवा आणि वर्गमूळ काढा.

१०० फेम्टोसेकंदांच्या स्पंदासाठी भागाकार येतो ०.१२५. वर्ग करून १ मिळवून वर्गमूळ काढलं की १.००८ च्या आसपास. म्हणजे १०० चा स्पंद जेमतेम १०१ होऊन बाहेर येतो. त्याला काच लागलीच नाही म्हणा ना.

१० फेम्टोसेकंदांच्या स्पंदासाठी भागाकार येतो १२.५. लांबी साडेबारा पट. म्हणजे १० चा स्पंद बाहेर येताना सुमारे १२५ फेम्टोसेकंदांचा!

परत वाचा. जो दहा पट आखूड होता, तो एक सेंटीमीटर काचेनंतर दुसऱ्यापेक्षा लांब झाला. का? स्पंद जितका आखूड, तितके जास्त रंग त्यात लागतात. १०० फेम्टोसेकंदांना सुमारे ९.४ नॅनोमीटर रुंदीचे रंग पुरतात, १० ला सुमारे ९४ लागतात. रंगांचा पसारा दहापट, म्हणून लांबणं दहापट. आणि मूळ लांबी दहापट कमी, म्हणून तेच लांबणं दहापट जास्त जाणवतं. दुहेरी मार, शंभरपट. आखूड व्हायची हाव जितकी जास्त तितकी काच जास्त महाग पडते.

आता हाच स्पंद लेसरच्या आत बसवा. टायटॅनियम-नीलम लेसरमध्ये काही मिलीमीटरचा स्फटिक असतो. ४ मिलीमीटर धरू. एका फेरीत प्रकाश त्यातून दोनदा जातो. या स्फटिकाचं अपस्करण काचेपेक्षा थोडं जास्त आहे, त्यामुळे दोन वेळा मिळून आकडा साडेचारशेच्या थोडा वर जातो. म्हणजे प्रत्येक फेरीला जवळपास आपली ती १ सेंटीमीटरची काच. आणि दीड मीटरच्या लेसरमध्ये सेकंदाला १० कोटी फेऱ्या. काहीच उपाय केला नाही तर १० फेम्टोसेकंदांचा स्पंद तिथे जन्मालाच येणार नाही.

मग उपाय काय केला? इथेच मला आपल्या पाठ्यपुस्तकाची गंमत वाटते. न्यूटननं एका लोलकानं प्रकाश फोडला आणि दुसरा उलटा लोलक ठेवून तो पुन्हा एकत्र केला, हा प्रयोग आपण सगळे शिकवतो. बेल लॅब्जमध्ये १९८१ सालीच रंगद्रव्याच्या लेसरमधून १०० फेम्टोसेकंदांच्या आतला स्पंद मिळाला होता. त्यापुढे जायचं तर काचेनं मागे पाडलेल्या निळ्या बाजूच्या रंगांना कुठेतरी पुढे काढायला हवं होतं. १९८४ मध्ये फोर्क, मार्टिनेझ आणि गॉर्डन यांनी ते केलं, आणि ते केलं लोलकांच्या जोडीनं. पहिला लोलक रंग फाकवतो. थोड्या अंतरावरचा दुसरा, उलटा लोलक त्यांना समांतर करतो. पलीकडचा आरसा त्यांना त्याच वाटेनं परत पाठवतो आणि ते पुन्हा एका किरणात गोळा होतात. या सगळ्या प्रवासात तांबड्या बाजूच्या रंगांना लांबची वाट पडते आणि निळ्या बाजूच्यांना जवळची. काचेत जो पुढे जातो त्याला इथे वळसा घ्यायला लावला. याला ऋण अपस्करण म्हणतात. दुसरा लोलक स्क्रूनं थोडा आत-बाहेर सरकवला की वाटेतली काच कमी-जास्त होते, आणि अपस्करण हवं तेवढं ठेवता येतं.

दुसऱ्याच वर्षी, १९८५ मध्ये, लेसरमधून थेट २७ फेम्टोसेकंदांचा स्पंद निघाला.

म्हणजे न्यूटनचे दोन लोलक तीनशेहून अधिक वर्षं पुस्तकात शेजारी शेजारी होते, फक्त त्यांना 'केव्हा' हा प्रश्न विचारला गेला नव्हता. अर्थात तेव्हा विचारून उपयोग नव्हता, इतके आखूड स्पंदच नव्हते. पण आता आहेत, आणि आकृती अजून तीच.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, ठीक आहे, अपस्करण म्हणजे शत्रू, ते शून्य केलं की झालं. विज्ञानावरच्या बऱ्याच लेखांचा सूरही तसा असतो. मला तो पटत नाही. माझा खरा मुद्दा आता येतोय.

लेसरच्या आत प्रकाश इतका तीव्र असतो की तो स्फटिकाचा अपवर्तनांकच किंचित वाढवतो. तीव्र प्रकाश स्वतःची वाट स्वतः बदलतो, असं समजा. याला केर परिणाम म्हणतात. त्यामुळे स्पंदाच्या पुढच्या टोकाला नवे तांबड्या बाजूचे रंग तयार होतात आणि मागच्या टोकाला निळ्या बाजूचे. आता पुन्हा हमरस्त्यावर या. साध्या काचेत तांबडा वेगवान, आणि तोच पुढे आहे, म्हणजे घोळका आणखी लांबणार. पण लोलकांच्या जोडीनं एकूण अपस्करण ऋण केलं असेल, तर मागे राहिलेला निळा वेगवान असतो. तो पुढच्याला गाठायला धावतो आणि घोळका आवळला जातो. एक ताणतं, दुसरं आवळतं, आणि दोन्ही जुळले की फेरीमागून फेरी स्पंदाचा आकार टिकून राहतो. या तोलून टिकलेल्या स्पंदाला सॉलिटॉन म्हणतात.

अपस्करण अगदी शून्य केलं तर हा तोल जातो, धन झालं तर असा स्पंद टिकतच नाही. थोडं ऋण अपस्करण *ठेवावं* लागतं. किती ठेवलं यावर लांबी ठरते: उरलेलं ऋण अपस्करण निम्मं केलं आणि ऊर्जा तेवढीच राहिली तर स्पंदही साधारण निम्म्यावर येतो. मग कमी कमी करत जावं का? काही मर्यादेपर्यंत. शून्याच्या फार जवळ गेलं की दुसरीच गोष्ट डोकं वर काढते. अपस्करण स्वतःच रंगागणिक बदलत असतं, त्यामुळे मधल्या रंगाचा हिशेब जुळला तरी कडेच्या रंगांचा जुळत नाही. भाताच्या वाफ्यात पाणी नको म्हणून सगळं काढलं तर रोप करपतं, बांध घालून बोटभर राखावं लागतं. खारेपाटातल्या मुलाला हे वेगळं सांगायला नको.

पुढचा इतिहास हा असा हिशेब बारीक करत नेण्याचा आहे. १९९१ मध्ये स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात स्पेन्स, कीन आणि सिबेट यांनी टायटॅनियम-नीलम लेसरमधून ६० फेम्टोसेकंदांचे स्पंद काढले. तिथे स्फटिक स्वतःच केर परिणामानं भिंगासारखा वागतो आणि स्पंदाला मदत करतो. असे लेसर कधी कधी आपणहून मोड-लॉक होत नाहीत, मग आरशाला हलकी टिचकी मारतात! १९९४ मध्ये झिपोच, फेरेन्झ, श्पीलमान आणि क्राउझ यांनी असे आरसे दाखवले ज्यांच्यात वेगवेगळे रंग वेगवेगळ्या खोलीवरून परावर्तित होतात. तांबडा खोल जाऊन येतो, निळा वरूनच परततो. लोलकांचं काम एका आरशात. १९९९ पर्यंत लेसरमधून थेट ६ फेम्टोसेकंदांच्या आतले स्पंद निघाले. ८०० नॅनोमीटरच्या प्रकाशाचं एक आवर्तन २.७ फेम्टोसेकंदांचं असतं, म्हणजे त्या स्पंदात लाटेची जेमतेम दोन आवर्तनं. त्या आरशांच्या कामातले फेरेंत्स क्राउझ यांना २०२३ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

आणि शेवटचा पुरावा म्हणजे, २००६ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात फ्रँक वाइज यांच्या गटानं असा फायबर लेसर केला ज्यात ऋण अपस्करण कुठेच नाही, सगळं धनच. स्पंद आत लांबतो, एक गाळणी त्याच्या कडा कापते आणि तो पुन्हा पहिल्यासारखा होतो. बाहेर आल्यावर त्याला आवळून घेतात. शत्रूच्या राज्यात राहून संसार केला! म्हणून म्हणतो, अपस्करण घालवायची गोष्ट नाही, हिशेबात धरायची गोष्ट आहे.

फायबरवरून आठवलं. आपल्या हमरस्त्याच्या कडेला केबल टाकायला चर खणतात तेव्हा मुलं विचारतात, यातून काय जातं. त्या काचेच्या तंतूतूनही प्रकाशाचे स्पंदच जातात आणि तिथेही हाच हिशेब आहे. साध्या सिलिका तंतूचं अपस्करण १३०० नॅनोमीटरच्या आसपास शून्य होतं आणि १५५० ला ऋण. म्हणून १५५० वर चालणाऱ्या अर्बियम फायबर लेसरला लोलक लागत नाहीत, तंतू स्वतःच ते काम करतो.

आता जरा जवळ येऊ. गडबहून वडखळ, तिथून मांडवा, आणि लाँचनं गेटवे. पुढे कुलाब्याच्या टोकाला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, म्हणजे टीआयएफआर. तिथे १०० टेरावॉट वर्गाचा लेसर आहे आणि त्याचे स्पंद सुमारे २५ फेम्टोसेकंदांचे असतात. १०० टेरावॉट म्हणजे देशातल्या सगळ्या वीजकेंद्रांच्या एकूण क्षमतेच्या शेकडो पट. पण स्पंदातली ऊर्जा काढून बघा: १०० टेरावॉट गुणिले २५ फेम्टोसेकंद, उत्तर २.५ ज्यूल. पाव किलोचं वजन एक मीटर वर उचलायला लागते तेवढीच! सगळा खेळ वेळेचा आहे. तोच स्पंद अपस्करणानं दुप्पट लांबला तर शक्ती निम्म्यावर. तिथल्या या क्षेत्रातल्या कामासाठी प्रा. जी. रवींद्र कुमार यांना २०१५ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. तीव्र स्पंद पदार्थावर पडला की क्षणार्धात जो तप्त प्लाझ्मा तयार होतो, त्याचा ते अभ्यास करतात.

अशा यंत्रांत तर अपस्करण मुद्दाम वापरतात. मोड-लॉक्ड लेसरमधून आलेला स्पंद तसाच वाढवत नेला तर तो वाढवणारा स्फटिकच फोडून टाकेल. म्हणून आधी अपस्करणानं त्याला हजारो पटींनी लांबवतात, मग सावकाश त्याची ऊर्जा वाढवतात, आणि शेवटी उलट अपस्करणानं पुन्हा आवळतात. ही युक्ती १९८५ मध्ये डोना स्ट्रिकलंड आणि त्यांचे मार्गदर्शक जेरार्ड मुरू यांनी रॉचेस्टर विद्यापीठात मांडली. स्पंद लांबवायला त्यांनी १.४ किलोमीटरचा फायबर वापरला होता. २०१८ मध्ये दोघांना नोबेलमधला वाटा मिळाला. स्ट्रिकलंड तेव्हा पीएच.डी.च्या विद्यार्थिनी होत्या, आणि भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या फक्त तिसऱ्या स्त्री. मुलींच्या वर्गात हे जरूर सांगा.

दुसरं उदाहरण जुन्नर तालुक्यातल्या खोडदचं. तिथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. पल्सार नावाच्या ताऱ्याकडून रेडिओ लहरींचे ठोके येतात. ताऱ्यांमधल्या विरळ अवकाशात मोकळे इलेक्ट्रॉन असतात, त्यातून येताना ठोका लांबतो. तिथे काचेच्या उलट होतं: जास्त वारंवारितेच्या लहरी आधी पोहोचतात, कमीच्या मागून. शास्त्रज्ञ हा उशीर संगणकानं काढून टाकतात तेव्हा ठोका स्वच्छ दिसतो. पण काढलेला उशीर ते फेकून देत नाहीत, त्यावरूनच वाटेत किती इलेक्ट्रॉन होते ते कळतं.

यावर माझ्या सहकाऱ्यांचा आक्षेप मला ठाऊक आहे. स्टाफरूममध्ये मी हे बोललो तेव्हा एक सर म्हणाले, "पोरं आधी पास तर होऊ देत. परीक्षेत फेम्टोसेकंद विचारत नाहीत." आक्षेप खोटा नाही. आमच्या बऱ्याच मुलांना दहावीनंतर आयटीआय आणि डोलवीच्या कारखान्यात नोकरी एवढंच दिसतं, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. धडे पूर्ण करायचं दडपण मलाही आहे.

पण मी फेम्टोसेकंद शिकवा म्हणत नाही. सॉलिटॉन तर नाहीच. त्याच आकृतीखाली एक प्रश्न वाढवा म्हणतोय: 'काचेच्या चिपेतून कोणता रंग आधी बाहेर येईल? का?' दोन मिनिटं लागतात. अपवर्तनांक म्हणजे वेगांचं गुणोत्तर, हे मुलांनी त्याच धड्यात आधी केलेलं असतं. जांभळ्याचा अपवर्तनांक जास्त, म्हणून वेग कमी, म्हणून तो मागून. (काटेकोर बोलायचं तर स्पंदाचा वेग थोड्या वेगळ्या पद्धतीनं काढतात, पण काचेत क्रम तोच राहतो.) यातून मुलाला हे तरी कळतं की अपवर्तनांक हा नुसता सूत्रात घालायचा आकडा नाही. तीन शब्द लिहून गुण मिळवणारा मुलगा आणि हे सांगू शकणारा मुलगा, दोघांना बोर्डात गुण सारखेच मिळतील, हे मला मान्य आहे. पण मी दोघांना सारखं शिकवलं असं म्हणता येणार नाही.

ती मुलगी आता पेणला बी.एस्सी. करते. गेल्या गणपतीत भेटली, पाया पडली. मी तिला म्हटलं, "अगं, तू एकदा विचारलं होतंस ना, काचेतून पहिला रंग कुठला येतो? तांबडा. मी तेव्हा चुकीचं सांगितलं होतं." ती हसली. तिला प्रश्न आठवत नव्हता. म्हणाली, "सर, मी असं विचारलं होतं?"

यंदा तो धडा आला की आधी चीप काढणार आहे, लोलक नंतर. प्रयोगशाळेच्या कपाटात दोन लोलक आहेत, एकाचा कोपरा उडालाय, पण दोन्ही समोरासमोर उलटसुलट ठेवायला चालतील. टाळ्यांचा खेळ शेवटच्या तासाला घेईन, शेजारचा वर्ग मैदानावर असताना. तुमच्यापैकी कुणी हा प्रश्न वर्गात विचारून बघितला, तर मुलांनी आधी काय उत्तर दिलं ते मला जरूर कळवा. माझा अंदाज आहे, निम्मी मुलं 'जांभळा' म्हणतील, कारण आकृतीत तो सगळ्यांत जास्त वळलेला दिसतो.